मदत हवी आहे: सुपरहिरोंच्या टोळीतल्या खाणावळवालीला मारामारीच्या वेळी काम कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स या सुपरहिरोंच्या भूमिकाखेळाची (प्रत्येकाने एक पात्र चालवायचं, निकाल फाशांवर) तिसरी आवृत्ती खेळणारं किंवा चालवणारं इथे कुणी असेल तर सल्ला हवाय. दुसऱ्या सुपरहिरो खेळांचा अनुभव असेल तरी चालेल.

मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारी, आहे. घरचीच माणसं खेळतात, रविवारी दुपारी, ऑनलाइन. कथानक १९८२च्या गिरणगावात घडतं. १८ जानेवारीला संप सुरू झालाय, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आहेत, भोंगे बंद. आमची गिरणी काल्पनिक आहे, पण आजूबाजूचं लालबाग-परळ जमेल तितकं खरं ठेवलंय. संप फोडायला कुणीतरी चिलखती गुंड पोसतंय, तो कोण हे शोधायचं आहे.

सगळे पॉवर लेव्हल (ताकदीची मर्यादा) १०चे, पात्र बांधायला प्रत्येकी १५० पॉइंट. भावाचा ‘बॉयलर’ म्हणजे टफनेस (मार सोसणं) १४, डॉज-पॅरी (मार चुकवणं) ६, ठोसा १२ रँकचा. वहिनीची ‘धोटा’ अगदी उलटी, डॉज १४ आणि टफनेस ६, डोळ्याचं पातं लवायच्या आत भायखळ्याहून परळला. मित्राचा ‘कानोसा’ लोकांची मनं वाचतो.

आणि माझ्या मावशीची आक्का. आक्काकडे कसलीही शक्ती नाही. ती चाळीत खाणावळ चालवते, एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गड्यांना दोन वेळचं जेवण घालते, आणि संप लागल्यापासून उधारीवर घालते. मावशी स्वतः लालबागच्या चाळीत वाढली, संपाच्या वेळी बारा वर्षांची होती, त्यामुळे आक्का बोलायला लागली की आम्ही सगळे गप्प बसून ऐकतो. पॉइंट तिने परस्युएशन (मन वळवणं) आणि इनसाइट (माणूस ओळखणं), दोन्ही +१५, शिवाय ओळखी-माहितीच्या कनेक्टेड, कॉन्टॅक्ट्स, वेल-इन्फॉर्म्ड यांत घातलेत, उरलेले डिफेन्समध्ये. तिचे कॉन्टॅक्ट्स म्हणजे अन्नपूर्णा महिला मंडळातल्या बायका. (हे मंडळ खरं आहे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांसाठी सुरू केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मावशीनेच सांगितलं म्हणून खेळात आलं.)

तपासात आक्काला तोड नाही. फितूर कोण हे तिने कसं ओळखलं बघा: संपाच्या पाचव्या महिन्यात एका गड्याने मागची सगळी उधारी एकरकमी चुकती केली. बाकी तिघं छपरांवरून पाळत ठेवत होती, आणि हिने वही उघडून नाव सांगितलं.

अडतं ते मारामारी सुरू झाली की. मागच्या सेशनला गिरणीच्या गेटवर चिलखतवाला आला. त्याला इम्पर्व्हियस टफनेस १०, म्हणजे पाच किंवा त्याहून कमी रँकचा मार त्याला लागतच नाही. आक्काच्या हातात उलथनं, रँक २. बॉयलरच्या ठोशाला त्याला फासे टाकून २७ गाठायची चेक करावी लागते, आक्काच्या फटक्याला फासेसुद्धा टाकावे लागत नाहीत. तिची पाळी आली की मावशी म्हणते, “मी गेटाआड थांबते, पुढे चला.” तासभर हेच. तक्रार तिने एकदाही केली नाही, पण सगळ्यांत जीव ओतून खेळणारं माणूस अर्धा खेळ म्यूटवर बसतं, ते मला बघवत नाही.

त्यात कानोसाची भर. माइंड रीडिंगच्या चेकमध्ये समोरच्याच्या विलपेक्षा, म्हणजे मनोबलापेक्षा, तीन डिग्री (यशाच्या पायऱ्या) वर गेलं की आठवणी उघड्या पडतात. म्हणजे आक्काचं तपासाचं कामही हळूहळू त्याच्याकडे चाललंय.

तिला एखादी शक्ती द्या असं भावाने सुचवलं होतं. मावशी साफ नाही म्हणाली: “माझी बाई साधीच राहणार.” मला ते पटतं, आक्काचा सगळा अर्थच त्यात आहे. बाकीच्यांची लेव्हल उतरवणंही नको, त्यांनी काय वाकडं केलंय? आणि मी मुद्दाम सोडलेला झेल मावशीला लगेच कळेल, तेव्हा तसलंही काही नको. नियमांत राहून, तिच्या स्वतःच्या बळावर ती लढाईत कशी यावी?

प्रतिसाद १

ताई, आक्काचं पात्राचं पान नीट आहे, बदल लढाईत करा. तुमच्या गेटवरच्या प्रसंगात जिंकणं म्हणजे चिलखतवाल्याला पाडणं, एवढंच पणाला आहे. त्या गेटवर हजारभर संपकरी उभे असतील ना? त्यांचं काय होतं ते पणाला लावा. जमाव बिथरला की पोलीस लाठी चालवणार, आणि पायांत माणसं आली की बॉयलरला हात मोकळा सोडता येणार नाही. नियमपुस्तकातल्या जीएमच्या प्रकरणात चॅलेंज सिक्वेन्स आहे, ठरावीक अपयशं पदरी पडायच्या आत ठरावीक यशं मिळवायची. तो लढाईच्या बरोबरीने चालवा, एका राउंडला एक चेक. एवढ्या जमावाला नावाने हाक मारू शकणारी तिथे एकच बाई आहे. ती हरली तर बॉयलर जिंकूनही संप हरेल.

दुसरं, पुढचे पॉवर पॉइंट मिळतील तेव्हा इन्स्पायर आणि लीडरशिप हे अॅडव्हांटेज मावशींना दाखवा. इन्स्पायर प्रसंगात एकदाच वापरता येतं, एक हीरो पॉइंट (ऐनवेळी खर्चायचा राखीव पॉइंट) लागतो, पण तीन रँक घेतले तर सगळ्या साथीदारांना सगळ्या चेकवर +३. लीडरशिपने डेझ्ड (गांगरलेला) किंवा स्टन्ड (सुन्न) झालेला गडी पुन्हा उभा राहतो, त्यालाही एक हीरो पॉइंट. दोन्हींत शक्ती कसलीच नाही, आक्काने हाक मारली एवढंच.

प्रतिसाद २

कानोसाला हात लावू नका. मन वाचून त्या माणसाला जे ठाऊक आहे, किंवा तो जे खरं मानतो, तेवढंच कळतं. गुंडाला पैसे पोचवणाऱ्याचं नावच माहीत नसेल तर आठवणीत मिळेल फक्त एक चेहरा नि पानाचा वास. तो चेहरा कुठल्या चाळीतला हे आक्का सांगणार. दोघांची जोडी लावा, कानोसाने आणलेला धागा तिच्या वहीशी जुळला तरच उलगडा.

मॅगपाय गेम्सचा २०१६चा मास्क्स हा सुपरहिरो खेळ मी बराच खेळलोय. त्यात बीकन नावाचं प्लेबुक (पात्राचा तयार साचा) शक्ती नसलेल्यांसाठीच आहे, आणि ते खेळताना कधी मागे पडल्यासारखं वाटलं नाही, कारण तिथे ताकद मोजतच नाहीत. पण तो खेळ पौगंडातल्या पोरांचा आहे, आक्का त्यात मावणार नाही. तुमचाच खेळ चालू ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. जमाव पणाला लावायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि कानोसा-आक्का जोडी तर मित्राला ऐकूनच आवडली. फितुराचं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही, तिथूनच सुरुवात करते.

हीरो पॉइंटचं मात्र अडतंय. प्रत्येकाला सेशनच्या सुरुवातीला एकच मिळतो. आक्काची दोन्ही हत्यारं त्यावरच चालणार, म्हणजे एकदा इन्स्पायर केलं की पुन्हा गेटाआड. जास्तीचे पॉइंट कॉम्प्लिकेशनमधून, म्हणजे पात्राच्या मागे लागलेल्या अडचणीतून, यायला हवेत, आणि तिचं कॉम्प्लिकेशन आहे खाणावळीची उधारी. संपाला सहा महिने होताना वाणी तिला माल देणं बंद करतो, असं योजलंय. घरात तांदूळ नाही, ओसरीत चाळीस ताटं मांडलेली, आणि त्याच वेळी गेटवरून बोलावणं. हे लढाईच्या आधी आणलं तर पॉइंट तिच्या हातात असेल, पण प्रसंग सुटा पडेल असं वाटतं. मध्येच आणलं, म्हणजे वाण्याचा पोऱ्या गेटवरच निरोप घेऊन आला, तर मावशीला चाळीस ताटं की हजार माणसं हे तिथल्या तिथे ठरवावं लागेल. तुम्ही कॉम्प्लिकेशन ऐन लढाईत आणता का? आणि आणलं तर खेळणाऱ्याला आधी कल्पना देता की नाही?

प्रतिसाद १

मध्येच आणा, पण एक करा. आदल्या दिवशी मावशींना फोन करून एवढंच विचारा की उधारीचा पेच या खेपेला आला तर चालेल का. कधी येणार ते सांगू नका. पॉइंट पोऱ्या दिसला त्याच क्षणी द्या, निर्णयाची वाट बघू नका, म्हणजे तो पॉइंट त्याच राउंडला इन्स्पायरला वापरता येईल. आणि ताटांचं काय झालं ते सेशन संपायच्या आत दाखवा. मंडळातल्या बायका आहेत ना तिच्या कॉन्टॅक्ट्समध्ये, त्यांना निरोप धाडायला धोटा आहेच.