'एन्चांटेड'मधली जिझेल बावळट नाही

डिस्नेचा 'एन्चांटेड' (२००७) हा सिनेमा लहान मुलांपुरता ठीक आहे, पण परीकथेतून थेट आजच्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडलेली त्याची नायिका जिझेल मात्र फारच बावळट वाटते, असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटलं नाही.

घर आवरायचा प्रसंग आठवा. ती सवयीने खिडकीत उभी राहून प्राण्यांना साद घालते आणि न्यूयॉर्कमध्ये धावून येतात ते उंदीर, कबुतरं आणि झुरळं. क्षणभर दचकते, पण लगेच त्यांनाच कामाला लावते. झुरळं बाथटब घासतात! माझा लेक दरवेळी इथे 'ईऽऽ' करतो आणि परत लावायला सांगतो. एमी अ‍ॅडम्स जिझेलच्या भूमिकेत हे सगळं इतक्या मनापासून करते की जिझेलचा भाबडेपणा कुठेच हास्यास्पद होत नाही.

आणि ती बदलते की! न्यूयॉर्कमध्ये तिला आसरा देणारा रॉबर्ट हा घटस्फोटाचे खटले चालवणारा वकील. त्याच्याशी वाद घालताना तिला पहिल्यांदाच राग येतो आणि राग आला याचाच तिला केवढा आनंद होतो. माझ्या मते तोच सिनेमातला सर्वात सुंदर क्षण आहे. शेवटी तर तलवार घेऊन रॉबर्टला वाचवायला तीच निघते, राजपुत्र नाही.

अ‍ॅलन मेन्केन आणि स्टीफन श्वार्ट्झ यांच्या तीन गाण्यांना ऑस्कर नामांकनं होती, तीही योग्यच. पुन्हा बघाल तेव्हा रॉबर्टच्या सेक्रेटरीकडे नीट लक्ष द्या. ती जोडी बेन्सन, म्हणजे 'द लिटल मर्मेड'मधल्या एरियलचा आवाज.