एकट्याने कॅरिबियन : बेटं, खाणं आणि समुद्र. तुमचेही अनुभव लिहा

खारंवारं

कॅरिबियन म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, नाहीतर हनिमून पॅकेजची जाहिरात. जाहिरातीत माणसं कायम दोन. मी तिथे एकटी जाते आणि हल्ली कुणी "मीही येऊ का?" विचारलं तर विषय बदलते. म्हणून हा धागा. एकट्याने गेलेल्यांनीच लिहा. क्रूझवरून चार तास उतरून काढलेले फोटो नकोत, त्यासाठी दुसरी जागा आहे.

सुरुवात माझ्यापासून. माझं बेट बार्बाडोस. तिथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, म्हणजे महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूवरही तुम्ही टॉवेल टाकून बसू शकता. मी गावात खोली घेते आणि पांढऱ्या झेडआर व्हॅनमधून, म्हणजे तिथल्या खासगी शेअर मिनीबसमधून फिरते. गाणी ठणाणा, माणसं कोंबलेली, पण आत शिरताना "गुड मॉर्निंग" म्हटलं की अख्खी व्हॅन उत्तर देते. हे अभिवादन तिथे फार महत्त्वाचं. दुकानात थेट "पाणी आहे का?" विचारलंत तर समोरचा गप्प बघत राहतो. आधी नमस्कार, मग काम.

पहाटे पश्चिम किनाऱ्यावर स्थानिक आजी-आजोबा समुद्रात गळ्यापर्यंत उभे राहून गप्पा मारतात. त्याला ते 'सी बाथ' म्हणतात. पोहणं कमी, गावगप्पा जास्त. एकट्या माणसाला त्या घोळक्यात लगेच जागा मिळते, जोडप्याला कुणी बोलवत नाही. शुक्रवारी रात्री ऑयस्टिन्सला जायचं. कोळ्यांचं गाव, भाजलेला मासा, मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी), लांब सामायिक बाकं. एका कोपऱ्यात म्हातारी जोडपी जुन्या गाण्यांवर इतकी सफाईने नाचतात की ताटातला मासा गार होतो. बेटाचं खास जेवण म्हणजे कू-कू आणि फ्लाइंग फिश. कू-कू हे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून करतात. भेंडीचा बुळबुळीतपणा चालत नसेल तर आधीच सांगते, तो तिथे गुण मानला जातो.

पूर्वेचं बाथशेबा बघायला जा, पोहायला नको. अटलांटिकच्या लाटा सर्फिंगवाल्यांसाठी आहेत. आणि खोडावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर सावलीलाही थांबू नका. ते मँचिनील. फळ विषारी, चीकही विषारी, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात.

जुना_स्कोअरर

मी निवृत्तीनंतर त्रिनिदादला गेलो, कारण उघड आहे. पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. मार्च 1971, वाडेकर कप्तान, सरदेसाईंचं शतक, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या गावसकरांचे 65 आणि नाबाद 67. वेस्ट इंडिजवर भारताचा तो पहिला कसोटी विजय. बायको म्हणाली, रिकामं मैदान बघायला इतक्या लांब मी येणार नाही. त्यामुळे एकटा.

मैदान बघून झालं, आणि मग खरा प्रवास सुरू झाला तो डबल्सपासून. हळद घातलेल्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना 'बारा' म्हणतात, मध्ये छोल्यांची पातळ भाजी, वर चिंचेची चटणी, काकडी, कुचेला. कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. गाडीवाला फक्त मिरचीचं प्रमाण विचारतो. 'स्लाइट' म्हणायचं. मी कोल्हापूरचा आहे म्हणून छाती काढून जास्त मागू नये, ती मिरची वेगळ्या घराण्याची आहे. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत चांगल्या गाड्यांवर काही उरत नाही. खायचं उभ्यानेच, कागदावर. टेबल नाही, त्यामुळे "सोबत कुणी नाही" हा प्रश्नच उद्भवत नाही.

दक्षिणेला देबे गावी रस्त्याकडेला सहीना, फुलौरी (डाळीच्या पिठाची भजी), कचोरीच्या टपऱ्या आहेत. सहीना म्हणजे अळूची पानं आणि डाळीचं पीठ, तळलेलं. पहिला घास घेतला आणि गुंडाळीचे पदर मोजत बसलो. या भागात भारतीय वंशाची वस्ती मोठी. 30 मे 1845 ला 'फतेल रझाक' जहाज पहिले करारबद्ध मजूर घेऊन आलं, त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. बहुतेकांचे पूर्वज उत्तर प्रदेश-बिहारकडचे. टपरीवरच्या बाईंनी विचारलं, "इंडियात कुठले?" मुंबईजवळचा म्हटल्यावर त्यांनी एकदम गावसकरांचं नाव घेतलं, आणि फुलौरी दोन जास्त टाकल्या.

एक गंभीर गोष्ट. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अंधार पडल्यावर पायी भटकू नका. गुन्हेगारी आहे, स्थानिक लोकच बजावतात. ओळखीचा टॅक्सीवाला धरा.

भरती_ओहोटी

वरच्या दोघांनी गुलाबी चित्र रंगवलंय, म्हणून थोडं पाणी ओततो. एकट्या माणसाला कॅरिबियन महाग पडतं. खोलीचं भाडं दोघांत वाटलं जात नाही. नकाशावर बेटं चिकटून दिसतात, पण बऱ्याच बेटांमध्ये फेरी बोट नाहीच. विमान घ्यावं लागतं आणि तिकिटावरचे कर बघून डोळे फिरतात. ग्वाडेलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुशिया यांना जोडणारी फेरी आहे, तो पट्टा त्यातल्या त्यात सोयीचा. 'पाच बेटं एका सुट्टीत' हा हट्ट सोडा.

जायपत्री

ग्रेनाडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणजे कमाल आहे. आमची दापोलीजवळ नारळ-सुपारीची वाडी, त्यात जायफळाची झाडं. ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे हे कळल्यावर तिथे जायचंच ठरवलं होतं.

गूयाव्ह नावाच्या कोळ्यांच्या गावात जायफळाचं जुनं प्रक्रिया केंद्र आहे. लाकडी मजले, सुकवायचे ट्रे, पोत्यांवर शाईने छापलेली परदेशी बंदरांची नावं. आत शिरल्यावर जो वास येतो त्याने मला तिथेच बसावंसं वाटलं. निवड करणाऱ्या बायकांनी माझ्या हातात मूठभर जायफळं दिली आणि परीक्षा घेतली. पाण्यात बुडतं ते चांगलं, तरंगतं ते हलकं. मी पास. मग प्रश्नांची सरबत्ती, नर झाड तुम्ही कधी काढता, टरफलाचं काय करता. आम्ही फळाच्या सालीचं लोणचं घालतो म्हटल्यावर त्यांनी त्याच सालीचा जॅम आणून चाखायला दिला. भाषा आमची अर्धीच जुळत होती, वाडी पूर्ण जुळली.

सप्टेंबर 2004 मध्ये इव्हान चक्रीवादळाने बेटावरची बहुतेक जायफळाची झाडं आडवी केली. नवं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात. अनेकांनी पुन्हा लावलंच नाही, असं त्या सांगत होत्या. निसर्ग वादळानंतर 2020 मध्ये आमच्याकडे वाडी साफ झाली होती, त्यामुळे पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

खाण्यात 'ऑइल डाउन'. मोठ्या टोपात नीरफणस, खारवलेलं मांस, हळद, नारळाचं दूध, वर अळूची पानं. दूध आटून तळाशी तेल सुटेपर्यंत शिजवायचं. हे एका माणसापुरतं कुणी करतच नाही. किनाऱ्यावर टोप चढलेला असतो, तुम्ही बाजूला रेंगाळलात की ताट हातात येतं. ग्राँ आँस किनारा सुंदर आहेच, त्यावर वेगळं काय लिहू.

पोह्यांवर_लिंबू

पांढरी वाळू हवी असेल तर डॉमिनिकाला जाऊ नका. डोंगर, धबधबे, काळी वाळू. शँपेन रीफवर पाण्याखालून ज्वालामुखीचे गरम बुडबुडे येतात, त्यात तरंगायचं. बॉइलिंग लेकचा ट्रेक दिवसभराचा आहे, वाटाड्या घ्याच. आणि तिकीट काढताना नीट वाचा, डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळा देश आहे.

वरणभात

वाचतोय. शाकाहारी माणसाने काय करायचं?

जुना_स्कोअरर

@वरणभात, त्रिनिदादला जा, आयुष्यात इतकं सोपं शाकाहारी जेवण परदेशात मिळणार नाही. डबल्स, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची धालपुरी, भोपळ्याची भाजी, बटाटा-चणा करी. फक्त अळूच्या पातळ भाजीत, म्हणजे 'कलालू'त, खेकडा किंवा डुकराची शेपटी आहे का ते विचारा.

दुपारची_बोट

बायकांनी एकटं जाण्याबद्दल. रस्त्यावर हाका मारतात, हे खरं आहे. न बघता पुढे गेलं की उलट चेकाळतात. "गुड आफ्टरनून" म्हणायचं, चालत राहायचं. बहुतेक वेळा तिथेच संपतं. संध्याकाळी ओसाड किनारा कितीही मोहक वाटला तरी नाही.

मी जमैकाला पोर्टलँड भागात राहिले. बॉस्टन बे इथे जर्क चिकन, म्हणजे झणझणीत मसाला चोळलेली कोंबडी, पिमेंटोच्या, म्हणजे ऑलस्पाइसच्या लाकडावर भाजतात. धूर डोळ्यांत जातो, कपड्यांना दोन धुण्यांपर्यंत वास राहतो. @वरणभात, जमैकात रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या लोकांची 'आयटल' खाणावळ शोधा. मांस नाही, मीठही बहुधा नाही, नारळाच्या दुधातल्या भाज्या आणि घेवडे. लिंबू स्वतःचं न्या. न्याहारीला आकी आणि खारा मासा खा, पण आकी झाडावर आपोआप उकललेलंच चालतं, कच्चं फळ विषारी असतं. घरी प्रयोग नको.

खारंवारं

काहींनी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय म्हणून इथेच लिहिते. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्रिनिदाद बरंच दक्षिणेला असल्याने तिथे धोका कमी. 2011 पासून अटलांटिकच्या बाजूच्या किनाऱ्यांवर सारगासम शेवाळाचे ढीग येतात, कुजल्यावर सडक्या अंड्यांचा वास. वसंत-उन्हाळ्यात जाणार असाल तर पश्चिमेचा किनारा निवडा. लष्करी छापाचे कपडे, टोपी, बॅग नेऊ नका, बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादमध्ये कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनाही. भारतीय पासपोर्टवर काही बेटांना व्हिसा लागत नाही, पण अमेरिकेत विमान बदलणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकिटाआधी हे बघा.

@भरती_ओहोटी, महाग आहे, मान्य. पण सगळं पॅकेजमध्ये देणाऱ्या ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलला दोघं जेवढे देतात त्यात मी दुप्पट दिवस राहते, आणि मासाही ताजा खाते.

टोबॅगोला गेलेलं कुणी आहे का? स्टोअर बेच्या खेकडा-डंपलिंगबद्दल ऐकून आहे. खेकडा फोडताना हात कोपरापर्यंत रस्सा होतो म्हणे, खरं का?