मदत हवी आहे: ऑडिओग्राम नॉर्मल, तरी गोंगाटात बोलणं कळत नाही. आवाजाने पेशींचं नेमकं काय होतं?

सूरपेटी

नमस्कार मंडळी,

मी लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड मिक्सिंग करते. मोठा कार्यक्रम झाला की कानात दडे बसतात, बारीक शिट्टी वाजत राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पूर्ववत होतं. निदान मी तसं समजत होते. गेल्या काही महिन्यांत मात्र चार माणसं एकदम बोलायला लागली की मला शब्द सुटे करता येत नाहीत. आवाज ऐकू येतो, वाक्य हाती लागत नाही. तपासणी केली, ऑडिओग्राम (किती बारीक आवाज ऐकू येतो त्याचा आलेख) नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, 'कान उत्तम आहेत.'

माझं मूळ शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं, त्यामुळे प्रथिनं, एन्झाइम वगैरे शब्दांना बिचकत नाही. पण कानाच्या बाबतीत पाटी कोरी आहे. वाचायला बसले आणि या प्रश्नांपाशी अडले:

१. ऐकू येण्याची पातळी दुसऱ्या दिवशी परत येते, म्हणजे इजा भरून आली असंच ना? मग हा त्रास कुठून?

२. आवाज म्हणजे शेवटी हवेचा दाब. दाबाने पेशी फाटली तर समजू शकते. फ्री रॅडिकल (पेशींची मोडतोड करणारे अतिक्रियाशील रेणू) मध्ये कुठून आले? आणि पेशी नंतर कित्येक दिवस मरत राहतात असं वाचलं, ते का?

३. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांना काही अर्थ आहे का? कामावरचे निम्मे लोक घेतात.

'आवाज कमी करा' हे उत्तर मला माहीत आहे, ते माझ्या हातात थोडंच आहे. यंत्रणा समजावून सांगितलीत तर उपकार होतील.

रामभरोसे

वाचतोय. माझीही हीच गत आहे, फक्त मी ड्रम वाजवतो.

पेशीकेंद्रक

सूरपेटी, तुमच्या पहिल्या प्रश्नातलं गृहीतकच २००९ साली कोसळलं. कुजावा आणि लिबरमन या श्रवणसंशोधकांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज फक्त दोन तास ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणपातळी जवळजवळ पूर्ववत झाली, हेअर सेल (आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी) ही शाबूत. पण उच्च वारंवारतेच्या भागात आतल्या हेअर सेल आणि श्रवणतंतू यांच्यामधले निम्म्यापर्यंत सिनॅप्स, म्हणजे दोघांना जोडणारे सांधे, नाहीसे झाले होते, आणि ते परत आले नाहीत. पुढच्या महिन्यांत त्या तंतूंच्या चेतापेशीही हळूहळू गळत गेल्या.

म्हणजे एकाच आवाजाने दोन निरनिराळ्या जागी मार बसतो.

पहिली जागा बाहेरच्या हेअर सेल. माणसाच्या एका कॉक्लियात (आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात) त्या साधारण १२,००० असतात आणि बारीक आवाज वाढवून देणं हे त्यांचं काम. त्यांच्या डोक्यावरचे सूक्ष्म केस एकमेकांना टिप लिंक नावाच्या धाग्यांनी बांधलेले असतात. कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ ही दोन प्रथिनं मिळून हा धागा होतो. मोठ्या आवाजाने तो तुटू शकतो. प्रयोगशाळेत मुद्दाम तोडलेले धागे एक-दोन दिवसांत पुन्हा जुळलेले दिसले आहेत. तुमचे दडे दुसऱ्या दिवशी सुटतात त्यात अशा दुरुस्त्यांचा वाटा असणार.

दुसरी जागा आतल्या हेअर सेल, साधारण ३,५००. मेंदूकडे बातमी जवळपास सगळी यांच्याकडूनच जाते. प्रत्येकीला दहा ते वीस श्रवणतंतू जोडलेले असतात आणि निरोप्या असतो ग्लुटामेट हे रसायन. आवाज मोठा आणि सतत असला की ग्लुटामेटचा पूर येतो. तंतूच्या टोकावरच्या, ग्लुटामेट टिपणाऱ्या अँपा रिसेप्टरमधून सोडियम-कॅल्शियम आत घुसतं, मागोमाग पाणी, आणि टोक फुगून फुटतं. काही अँपा रिसेप्टर कॅल्शियमला थेट वाट देतात. तेवढेच रोखणारं औषध उंदरांच्या कॉक्लियात सोडलं तर सिनॅप्स वाचतात, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. म्हणून या कहाणीत मी ग्लुटामेटलाच मुख्य आरोपी धरतो.

सूरपेटी

पण निम्मे सिनॅप्स गेले तर ऑडिओग्राममध्ये दिसायला नको का? निम्मे म्हणजे काही थोडे नाहीत.

पेशीकेंद्रक

ऑडिओग्राम शांत खोलीत, सर्वांत बारीक कोणता आवाज ऐकू येतो एवढंच विचारतो. त्याला थोडे तंतू पुरतात. तिकीटखिडक्यांपैकी निम्म्या बंद असल्या तर पहाटे एकटा आलेल्याला ते जाणवणार नाही, गर्दीच्या वेळी मात्र रांग हलणार नाही.

शिवाय कोणते तंतू आधी जातात तेही पाहा. गिनी पिगवरच्या प्रयोगांत जास्त करून उंच उंबरठ्याचे तंतू गेले. हे तंतू शांततेत गप्प असतात आणि बाकीचे गोंगाटाने भरून गेल्यावरही आवाजातले चढउतार टिपत राहतात. म्हणजे ऑडिओग्रामला ज्यांची गरजच नाही, नेमके तेच. या प्रकाराला 'हिडन हिअरिंग लॉस' म्हणतात. माणसांत तो जिवंतपणी नक्की पकडता येतो का, यावर अजून भांडणं चालू आहेत. त्यामुळे 'तुम्हाला हेच झालंय' असं मी म्हणणार नाही. लक्षणं मात्र जुळतात.

आता फ्री रॅडिकल. बाहेरच्या हेअर सेलची ऊर्जेची मागणी अवाढव्य असते. आवाज चालू असताना मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) पूर्ण जोरात पळतात आणि सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल सांडतं. त्याच वेळी कॉक्लियाचा रक्तपुरवठा घटतो, मग तो परत सुरू झाला की आणखी एक लाट. पेशीत शिरलेलं कॅल्शियमही मायटोकाँड्रियात कोंबलं जातं. मायटोकाँड्रियाचं आवरण गळायला लागलं की सायटोक्रोम सी बाहेर, मग कॅस्पेस-९, कॅस्पेस-३, हा पेशीच्या नियोजित मरणाचा तुमच्या पाठ्यपुस्तकातला रस्ता. जेएनके किनेज हे निरोप पुढे नेणारं एन्झाइमही यात असतं. फार मोठ्या आवाजात पेशी एवढं नियोजन करत बसत नाहीत, सरळ फुटतात.

नंतरचे दिवस विचारलेत. गिनी पिगमध्ये चरबीच्या ऑक्सिडेशनचं एक उत्पादन, ४-एचएनई, आवाजानंतर सात ते दहा दिवसांनी शिखरावर दिसलं. आवाज बंद होऊन आठवडा झालेला असतो आणि आत आग चालूच असते. चरबीचं ऑक्सिडेशन साखळीने पसरतं, दाहाच्या पेशी येतात, अर्धमेल्या पेशी शेजारणीला त्रास देतात. कॉक्लियाच्या तळाकडच्या, म्हणजे उच्च स्वरांच्या, बाहेरच्या हेअर सेलमध्ये फ्री रॅडिकल निकामी करणारं ग्लुटाथायोन मुळात कमी असतं, म्हणून बळी तिथे आधी जातात. आणि गेलेली पेशी गेली. पक्ष्यांमध्ये हेअर सेल पुन्हा उगवतात हे १९८८ पासून माहीत आहे. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात नाही.

रामभरोसे

म्हणजे आठवडाभर आग चालते, तर आठवडाभर व्हिटॅमिन ई घेऊन विझवता येईल की! मी घेतोच आहे.

पेशीकेंद्रक

तर्क चुकीचा नाही. गिनी पिगमध्ये व्हिटॅमिन ई आणि सॅलिसिलेट (अॅस्पिरिनच्या जातीचं औषध) एकत्र देऊन पाहिलंय. तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर फायदा झाला. पण प्राण्यांत चाललेली यादी लांबलचक आहे, माणसांत टिकलेली फार तोकडी. एन-अॅसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटचे मानवी निकाल धड इकडे ना तिकडे. एब्सेलेन हे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या शरीरातल्या रक्षक एन्झाइमची नक्कल करणारं रसायन. २०१७ मध्ये ८३ तरुणांवरच्या चाचणीत रोज दोनदा ४०० मिलिग्रॅमने ४,००० हर्ट्झवरची, आवाजानंतरची ऐकण्यातली तात्पुरती घसरण ६८ टक्क्यांनी कमी झाली. ऐकायला झकास, पण ती घसरण मुळात सुमारे ४ डेसिबलची होती आणि तात्पुरती होती. सिनॅप्स वाचले का, हे त्यात मोजलेलं नाही.

आणि मुद्दा असा की पेशी मरणं आणि सिनॅप्स तुटणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. फ्री रॅडिकल सगळे पुसले तरी ग्लुटामेटचा पूर तसाच राहतो. सिनॅप्सच्या बाबतीत जास्त आशा एनटी-३ या वाढघटकाकडून आहे. आवाजानंतर २४ तासांनी तो उंदरांच्या कानात दिला तर काही सिनॅप्स पुन्हा जुळतात. औषधाच्या दुकानात यातलं काही मिळत नाही, तेव्हा डब्यावरचं 'श्रवणरक्षक' लेबल फार मनावर घेऊ नका.

कानोसा

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणून फक्त तपासणीपुरतं. सूरपेटीताई, साधा ऑडिओग्राम ८,००० हर्ट्झला थांबतो. 'एक्स्टेंडेड हाय फ्रिक्वेन्सी' तपासणी मागा, ती १६,००० पर्यंत जाते. सोबत गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी आणि ओएई करून घ्या. ओएई, म्हणजे कान स्वतः परत काढतो तो सूक्ष्म आवाज मोजणारी तपासणी, बाहेरच्या हेअर सेलची खबर देते. एबीआर (आवाजाला श्रवणतंतू आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणारी तपासणी) मधली पहिली लहर श्रवणतंतूंबद्दल बोलते, पण माणसामाणसांत ती इतकी बदलते की एका आकड्यावरून निदान करू नये. तुमच्या कामात आजची नोंद पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडेल.

दडे दोन दिवसांत सुटले नाहीत, किंवा एका कानाचं अचानक गेलं, तर थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. स्टिरॉइड द्यायची वेळ आली तर उशीर महागात पडतो.

सूरपेटी

दोघांचेही मनापासून आभार. एक शेवटचं: माझा सहकारी वीस वर्षं माझ्याहून मोठ्या आवाजात आहे आणि त्याला काहीच नाही. जनुकं?

पेशीकेंद्रक

असू शकतं. प्रयोगशाळेतल्या सी५७ जातीच्या उंदरांत कॅडहेरिन-२३च्या जनुकात एक बदल असतो, त्यांचे कान लवकर जातात आणि आवाजालाही नाजूक असतात. म्हणजे तोच टिप लिंकचा धागा. माणसांत पोटॅशियम वाहिन्या, कॅटालेज, उष्णताघात प्रथिनं (हीट शॉक प्रोटीन) यांच्या जनुकांशी संबंध सापडलेत, पण एकेकाचा परिणाम छोटा. चाचणी करून काही ठरवावं इतका नाही. आणि सहकाऱ्याला काहीच नाही हे त्याचं मत झालं, त्याची ओएई करून पाहा.

कानोसा

करूनच पाहा. आणि प्लगचं गणित दोघंही लक्षात घ्या. ८५ डेसिबल आठ तास ही नायॉश या अमेरिकी संस्थेची शिफारस, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ३० डेसिबल अडवणारा प्लग निम्मा वेळ काढून ठेवलात तर एकूण संरक्षण ३ डेसिबलच उरतं. म्हणून सगळ्या स्वरांना सारखं दाबणारे संगीतकारांचे प्लग घ्या, आवाज कमी अडवणारे असले तरी चालतील, मिक्सिंग करताना काढावेसे वाटणार नाहीत.