वेताळ टेकडीवर पाय अडकवून कशाला उतरायचं?

मुरूमखाऊ :
भाच्याने हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली. दुकानदाराने सायकलीबरोबर एसपीडी पेडलं आणि ती अडकवायचे क्लीटचे (तळाला छोटी लोखंडी पट्टी असलेले) बूटही गळ्यात मारले. कारण काय, तर "सिरियस रायडर हेच वापरतात." पोरगं अजून टेकडीवरून मागचा ब्रेक आवळूनच उतरतंय, ते कसलं सिरियस!

माझं मत सरळ आहे. पुण्याच्या टेकड्यांवर माउंटन बाइक शिकायची असेल तर फ्लॅट पेडलं (सपाट, पाय न अडकवता नुसता वर ठेवायची) लावा आणि ती काढायची घाई करू नका. डांबरी घाटात काय लावायचं ते लावा, त्यात मी पडत नाही.

आपली जमीन बघा. वर सुटा मुरूम, खाली काळा कातळ. एप्रिल-मे मध्ये खाणीच्या कडेच्या वाटेवर पुढचं चाक सरकलं की विचाराला वेळच नसतो, पाय टेकावा लागतो. क्लीटमधून सुटायला टाच बाहेर फिरवावी लागते. घाबरलेला माणूस टाच फिरवत नाही, पाय वर ओढतो. आणि एसपीडीची नेहमीची क्लीट नेमकी वर ओढल्यावर सुटत नाही.

शिवाय फ्लॅटवर चूक लपत नाही. उतारावर टाचा खाली सोडल्या नाहीत, तर पहिल्याच दगडावर पाय उडतो. एकदा उडाला की पुढच्या दगडाला टाचा आपोआप खाली जातात. सायकल हवेत उचलायची तर आधी दाबायचं, मग पंजे खाली वळवून पेडल मागे रेटायचं, हे अंगात भिनतं. क्लीटवाले नुसती पायाने सायकल वर खेचतात आणि त्याला बनीहॉप म्हणतात.

क्लीटधारी :
आधी तुमच्या नडग्या दाखवा, मग बोलू.

फ्लॅटच्या, बूट धरून ठेवणाऱ्या टोकदार पिना नडगीत घुसतात तेव्हा काय होतं हे फ्लॅटवाले कधीच सांगत नाहीत. पेडल निसटतं, क्रँक (पेडलचा दांडा) गरकन फिरतो आणि खालून वर कातडी सोलत येतो. ते शिकणाऱ्याने भोगायचं, का तर सवय चांगली लागते म्हणून?

कातळाबद्दल बोलताय तर पूर्ण बोला. दगडांच्या सलग पट्ट्यावर हार्डटेल कशी थडथडते ठाऊक आहे ना? सुरुवातीला पाय बरोबर असतो, चार दगडांनंतर चवडा पुढे सरकलेला, पुढच्या चारांनंतर पेडलवर नुसती टाच. आणि पाय नीट ठेवायला खाली बघावं तर वाट चुकते. क्लीटमध्ये पाय जिथे ठेवला तिथेच राहतो, डोळे वाटेवर राहतात. मला याहून मोठी सुरक्षितता माहीत नाही.

राहिला घाबरून पाय ओढण्याचा प्रश्न. पार्किंगमध्ये भिंतीला हात टेकून दोन्ही पाय आत-बाहेर, आत-बाहेर करत बसायचं. आठवडाभर रोज थोडा वेळ दिला की टाच आपोआप फिरते. पोहायला शिकवताना आपण विहिरीला दोष देत नाही.

कोथरूडकर :
टेकडी राहू द्या, तिथपर्यंत पोचायचं कसं ते सांगा. नळस्टॉपच्या सिग्नलला क्लीट न सुटल्याने उभा माणूस सायकलसकट हळूच आडवा होताना पाहिलाय. लागत काही नाही. पण रिक्षावाल्यापासून पीएमटीच्या खिडकीतल्या आजींपर्यंत प्रत्येक जण सल्ला देतो, ते जास्त लागतं.

क्लीटधारी :
सिग्नल दिसला की पन्नास फूट आधी एक पाय सोडायचा. गाडी चालवताना क्लच आधी दाबता ना?

सायकलवेडी :
दोघेही पेडलवरून भांडताय आणि बुटाबद्दल कोणी बोलत नाही. फ्लॅट आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सायकलीबरोबर आलेलं गुळगुळीत प्लॅस्टिकचं पेडल आणि पळण्याचे मऊ बूट एवढंच वापरलेलं असतं. त्यावर पाय टिकणारच नाही. पळण्याच्या बुटाचा तळ फुगीर आणि मऊ असतो, पिना धरायला जागाच मिळत नाही. सपाट तळाचा, चिकट रबराचा बूट आणि रुंद, मधोमध किंचित खोलगट पेडल घ्या. पाय हलवायचा म्हटला तर उचलावा लागतो, नुसता सरकत नाही.

क्लीटचे बूट बायकांच्या लहान मापात मिळवणं हा वेगळाच छळ आहे. ३६ किंवा ३७ मागितलं की "मॅडम, मागवावं लागेल." मागवलेला बूट चावला तर परत घेत नाहीत. कडक तळाचा बूट अर्ध्या मापाने चुकला तरी पाय बधिर होतो.

आणि मुरूमखाऊ, टेकडीवर सकाळी किती माणसं असतात? आजी-आजोबा, कुत्री, वाटेत मध्येच उभे राहून मोर बघणारे. सारखं थांबावं लागतं, पाय टेकावा लागतो. फ्लॅटच्या बाजूने हाच सर्वांत भक्कम मुद्दा आणि तो तुम्ही मांडलाच नाही.

क्लीटधारी :
माणसं असतील तर हळू उतरा, घंटी वाजवा, नाहीतर उतरून चाला. हा शिष्टाचाराचा मुद्दा झाला. पेडलचा नाही.

सायकलवेडी :
"उतरून चाला" म्हणालात ते बरं झालं. क्लीटच्या बुटाने उतरत्या कातळावर चालून बघा. क्लीट तळाच्या खाचेत बसवलेली असते हे मान्य, पण दगड जरा उंच आला की लोखंड दगडाला लागतं, खर्रर्र आवाज येतो आणि पाय निसटतो. कार्बनच्या तळाचा बूट तर वाकतही नाही.

पान्यावाला काका :
जन्म सायकली दुरुस्त करण्यात गेला, म्हणून दोन शब्द.

नवीन माणसाला एसपीडी विकतात आणि स्प्रिंग कारखान्यातून आली तशीच ठेवतात. अरे, पेडलवर ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरणारा स्क्रू असतो, दोन्ही पेडलांना दोन्ही बाजूंना. शिकणाऱ्याला तो अगदी सैल करून द्यायचा, चारही ठिकाणी सारखा. आणि नेहमीच्या एसएच-५१ क्लीटऐवजी एसएच-५६ लावायची. ती तिरपं फिरवलं, वर हिसकलं तरी सुटते. जोरात ओढून चढणाऱ्याची अवेळी सुटेल, पण नवशिक्याला तेच हवं असतं. मुरूमखाऊंचा निम्मा धागा या एका क्लीटने मिटतो.

आता पावसाळा. आपली काळी माती बुटाच्या खाचेत शिरली की क्लीट बसतच नाही. माणूस पेडलवर पाय आपटत राहतो आणि चिखल अजून घट्ट होतो. घरी येऊन तसाच बूट वाळवलात तर बोल्टच्या डोक्यातल्या खड्ड्यात माती आणि मुरमाचे कण असे बसतात की ४ मिलिमीटरची चावी आत जात नाही, डोकं गोल होऊन जातं. दाभणाने आधी कोरून काढायचं, मग चावी. बसवताना बोल्टला ग्रीस लावलं नसेल तर पुढच्या वर्षी माझ्याकडे ड्रिल मारायलाच याल. चिखलातच फिरायचं असेल तर चारही बाजूंनी उघडी असलेली एगबीटरसारखी पेडलं बरी, माती आरपार निघून जाते.

पेडल कुठलंही बदला, डाव्याचे आटे उलटे असतात हे विसरू नका. दर महिन्याला एक जण जोर लावून क्रँक खराब करून आणतो.

मुरूमखाऊ :
काका, एसएच-५६ मान्य. पण सैल स्प्रिंग, जास्त सुटणारी क्लीट, पार्किंगमधला आठवडा, एवढं सगळं करून शेवटी मिळवायचं काय, तर पाय पटकन सुटावा! फ्लॅटवर तो सुटलेलाच असतो.

आणि वेगाचा बाऊ नको. सॅम हिल फ्लॅट पेडलं लावून २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज (उतारांवर वेळ मोजायची माउंटन बाइकची जागतिक मालिका) जिंकला. पाय वर ओढून जास्त ताकद मिळते ही समजूतही जुनीच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम वर ओढून पेडल मारायला लावलं, तर त्याच ताकदीसाठी शरीराला उलट जास्त खर्च आला. जोर खाली दाबण्यातच असतो.

क्लीटधारी :
सॅम हिलचं नाव येणार हे माहीतच होतं. फ्लॅटवाल्यांकडे दुसरं नाव नसतं. क्रॉस-कंट्रीत (चढ-उताराच्या माउंटन बाइक शर्यतीत) बघा. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये टॉम पिडकॉक पंक्चर होऊन मागे पडला आणि तरी सुवर्ण घेऊन गेला, पाय क्लिपमध्येच होते. त्या शर्यतीत फ्लॅटवाला शोधून दाखवा.

अभ्यासाचं म्हणाल तर मी ओढण्यासाठी क्लीट लावतच नाही. कोथरूडहून निघून पानशेतच्या बाजूच्या कच्च्या वाटा करून परत येताना मांड्या संपलेल्या असतात. तेव्हा पेडलवर पाय कुठे ठेवायचा याचा विचार डोक्यातून निघून जावा, एवढंच हवं असतं. तुम्ही टेकडीवर तासभर फिरता आणि माउंटन बाइकचे नियम सांगता.

मुरूमखाऊ :
धागा टेकडीचाच आहे हो! पानशेतला तुम्ही पाय वेल्ड करून जा.

नवशिक्या :
माझं जरा वेगळं आहे. रोज पाषाणहून ऑफिसला सायकलने जातो, रविवारी टेकडी. एका बाजूला फ्लॅट, दुसऱ्या बाजूला क्लिप असं पेडल मिळतं, ते घेऊ का?

पान्यावाला काका :
ऑफिसला ठीक आहे. टेकडीवर दगड आला की हमखास उलटी बाजू वर येते आणि क्लीटच्या बुटाखाली गुळगुळीत पत्रा, पाय घसरलाच. शिवाय त्या फ्लॅट बाजूला बहुतेक वेळा धड पिनाही नसतात. तू आधी सायकलवेडी ताईंनी सांगितला तसला बूट घे आणि नायलॉनची, बदलता येणाऱ्या पिनांची पेडलं घे. स्वस्त असतात, दगडावर आपटली तरी जीव जळत नाही.

क्लीटधारी :
आणि नडगीचं पॅड घे.

सायकलवेडी :
या एका वाक्यावर आम्ही सगळे सहमत.