उणे चिन्हाशिवाय ऋण संख्या

असं म्हणतात की संख्या लिहायला पाया (एका स्थानावरून डावीकडच्या स्थानावर जाताना किंमत जितक्या पट होते तो आकडा; आपला नेहमीचा १०) कुठलाही घ्या, ऋण संख्येला उणे चिन्ह लागणारच. पाया उणे १० घेतला तर नाही लागत! स्थानांच्या किमती १, -१०, १००, -१००० अशा होतात. म्हणजे १९५ = १०० - ९० + ५, आपले साधे १५. आणि नुसतं २५ लिहिलं की -२० + ५, म्हणजे उणे १५. शून्य सोडलं तर एकूण अंक मोजून विषम भरले की संख्या धन, सम भरले की ऋण. डावीकडचं पहिलं स्थान बाकी सगळ्यांना पुरून उरतं.

बेरीज मात्र वात आणते. ९ + १ = १९०, कारण हातचा उणे एक येतो. (पोरांना शिकवून बघा, मार खाल.)

ग्रुनवाल्ड या इटालियन गणितज्ञाने हे १८८५ मध्येच मांडलं होतं, आणि १९५०च्या दशकात पोलंडमध्ये उणे २ पायावर संगणकही बनले.