लझानियाच्या शीट्स: कशा उकडता, कशा ठेवता, उरलेल्यांचं काय करता? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी लेकीच्या वाढदिवसाला लझानिया (पास्त्याच्या चपट्या शीट्स आणि सॉस-चीजचे थर लावून भाजायचा इटालियन पदार्थ) करायचा म्हणून जानेवारीत आणलेला शीट्सचा खोका काढला. निम्म्या तेव्हाच वापरल्या होत्या, उरलेल्या खोक्याला रबर लावून तशाच फडताळात. आमच्या ठाण्याचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. खोक्याच्या तळाशी पिठूळ भुकटी साठलेली आणि शीट्सना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. किडा लागला होता, सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. रवा मी न चुकता भाजून डब्यात भरते. ही वस्तूही रव्याचीच, हे डोक्यातच आलं नाही. फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. कोरड्या, ताज्या, उकडलेल्या, कशाही असोत, तुमचा अनुभव लिहा. फसलेलेही लिहा, त्यातूनच जास्त कळतं.

डोंबिवलीहून

ताई, दुकानातूनच अंडी आलेली असू शकतात. मी शीट्स आणल्या की खोका हवाबंद पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आधी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर शीट्सवर दव धरतं. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. नुसत्या गव्हाच्या रव्याच्या शीट्स अशा वर्षभर छान राहतात. अंड्याच्या असतील तर पाकिटावरची तारीख पाळा. शाकाहारी मंडळींनी पाकिटावरची खूण बघूनच घ्यावं, दोन्ही प्रकार मिळतात.

न्यू जर्सीहून

माझा पहिला लझानिया २०११ चा. बारा शीट्स एकदम उकळत्या पाण्यात सोडल्या, शिजल्यावर चाळणीत ओतल्या आणि सॉस हलवायला वळले. पाच मिनिटांत भिजलेल्या वहीची पानं चिकटावीत तसा गठ्ठा. सोडवायला गेले की फाटत होत्या. तुकडे तुकडे जोडून थर लावले.

शेजारच्या आजी मूळच्या नेपल्सकडच्या कुटुंबातल्या. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात मला ओट्याशी उभं करून शिकवलं. मोठं पातेलं, १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. शीट एकेक सोडायची, पहिली जरा नरम पडली की दुसरी. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीच काढायची, कारण पुढे ती ओव्हनमध्ये सॉस पिऊन शिजणार असते. गार पाण्यातून काढून ओल्या सुती पंचावर सुटी पसरायची. मी पाण्यात तेल घालायचे. त्यांनी बोट दाखवून विचारलं, तेल कुठे आहे? वर तरंगतंय. शीटला ते लागतच नाही. लावायचं तर काढल्यावर हाताने पुसटसं लावायचं.

उकडलेल्या उरल्या तर दोन शीट्सच्या मधे बटर पेपर घालून बंद डब्यात ठेवते, फ्रीजमध्ये तीन दिवस चालतात. जास्त असतील तर ताटात सपाट गोठवून मग पिशवीत.

आजींच्या घरी कार्निव्हलचा, म्हणजे ख्रिस्ती उपासांच्या आधीच्या सणाचा, लझानिया असायचा: झालरीच्या कडांच्या कोरड्या शीट्स, रिकोटा (मऊ ताजं चीज), सुपारीएवढे खिम्याचे गोळे आणि उकडलेली अंडी. अमेरिकेत रिकोटा घालतात तो याच दक्षिणेकडच्या लोकांमुळे. त्या आता नाहीत. पंचा मात्र मी अजून तोच वापरते.

बोलोन्याहून

इथे शिकायला आहे. इथल्या लझानियात रिकोटा नाही. शीट्स अंड्याच्या, बऱ्याचदा पालक घालून हिरव्या, आणि थरांत मांसाचा रागू (घट्ट सॉस), बेशामेल (दूध-मैद्याचा पांढरा सॉस) आणि पार्मिजानो चीज. मी मांस खात नाही, म्हणून रागूच्या जागी मशरूम घालतो. पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारं विरजण) असतं हे मला इथे आल्यावर कळलं. कडक शाकाहारी असाल तर दुसरं चीज शोधा.

१०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, एवढंच पीठ. ताजी शीट उकळत्या पाण्यात मिनिटभर पुरे. ठेवायची मात्र घाई करा: फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी कडा हिरवट-करड्या दिसू लागतात. जास्त झाली तर मी त्याच दिवशी गोठवतो आणि न वितळवता थेट पाण्यात सोडतो.

पुण्याहून

मी घरी बारीक रवा आणि पाण्याच्या शीट्स लाटून वाळवायला गेले. कुरडया-पापड्या जन्मभर घातल्या आहेत, त्याच हिशेबाने गच्चीवर कडक उन्हात टाकल्या. दुपारपर्यंत कडा वर वळल्या आणि संध्याकाळी प्रत्येकीला मधोमध तडा. वरून भराभर वाळल्या, आत ओल राहिली. पुढच्या वेळी सावलीत, वर पातळ कापड टाकून, दर दोन तासांनी उलटत दीड दिवस वाळवल्या. एकही तडकली नाही. मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला तरच डब्यात भरा. अंड्याच्या शीट्स अशा वाळवायच्या भानगडीत पडू नका, गोठवा.

बंगळुरूहून

शिजलेल्याबद्दल लिहितो, कारण हे कुणी सांगत नाही. लझानिया स्टीलच्या ट्रेमध्ये लावला, वरून अॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी जिथे जिथे फॉइल सॉसला टेकलं होतं तिथे बारीक भोकं, आणि खाली चीजवर करडे ठिपके. आईला वाटलं बुरशी. ती बुरशी नव्हती. स्टील आणि अॅल्युमिनियम हे दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारट, आंबट टोमॅटो: चक्क बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम झिजतं. इंग्रजीत याला ‘लझानिया सेल’ असंच नाव आहे. आपल्या घरात स्टील किती, म्हणून सांगावंसं वाटलं. काचेचं भांडं घ्या, किंवा आधी बटर पेपर आणि मग फॉइल.

नाशिकहून

ओव्हन नाही. जाड बुडाच्या कढईत तळाशी सॉस, झाकण, खाली तवा, अगदी मंद आच, पाऊण तास. न उकडता वापरायच्या शीट्स घेते. सॉस नेहमीपेक्षा वाटीभर जास्त आणि पातळ लागतो, नाहीतर कोपरे कच्चे राहतात. उतरवल्यावर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, मग वड्या नीट पडतात.

सोलापूरहून

खोक्यात तळाशी तुकडे उरतात ना, त्यांच्या मी चकोल्या करते. लसणाची फोडणी, तुरीचं वरण, चिंच-गूळ, काळा मसाला. आमटी खळखळ उकळली की बोटभर तुकडे त्यात. कणकेच्या चकोलीपेक्षा हे जास्त पाणी पितात, म्हणून आमटी दीडपट पातळ ठेवायची आणि बारा-तेरा मिनिटं द्यायची. वरून तूप. सासूबाई आता मुद्दाम शीट मोडायला सांगतात.

बोलोन्याहून

काकू, इथेही अगदी हेच! लाटलेल्या पिठाच्या वेड्यावाकड्या कातरणांना मालतालियाती म्हणतात, म्हणजे वाईट कापलेले. घेवड्यासारख्या दाण्यांच्या सूपमध्ये घालतात. माझ्या घरमालकीणबाई दर गुरुवारी करतात. चिंच इथे मिळत नाही, टोमॅटोने भागेल का?

सोलापूरहून

भागेल रे. फक्त टोमॅटो आधी तेलात पुरता गळू दे, आणि गूळ निम्माच घाल.