अर्ध्या ऑटोपायलटच्या भरवशावर हेलिकॉप्टर उतरवावे का?

मूळ मत: २३ ऑगस्ट २०१३ रोजी उत्तर समुद्रातील तेलफलाटावरून कामगारांना घेऊन निघालेले सुपर प्यूमा हेलिकॉप्टर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या सम्बर्ग विमानतळाजवळ समुद्रात कोसळले आणि १८ जणांपैकी चौघे दगावले. यंत्रात बिघाड नव्हता. ढगांतून उतरताना ऑटोपायलट फक्त खाली येण्याचा दर सांभाळत होता; वेग राखणे वैमानिकाच्या डाव्या हातातील कलेक्टिव्हवर, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांडीवर, अवलंबून होते. ती दांडी हवी त्यापेक्षा खाली राहिल्याने शक्ती कमी पडली, आणि ठरलेला दर टिकवण्यासाठी ऑटोपायलट हेलिकॉप्टरचे नाक वर उचलत गेला. वेग घटतो आहे हे वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही. वेगही ऑटोपायलटकडे सोपवण्याची सोय त्याच हेलिकॉप्टरमध्ये होती, हे मला सर्वांत जास्त सलते. अशा वेळी पूर्ण ऑटोपायलट सक्तीचा असावा.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. मुंबई हायच्या फलाटावर मी चौदा-चौदा दिवसांच्या पाळीने काम केले आहे. पावसाळ्यात खिडकीबाहेर पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, ते कळत नसे. तरीही हेलिडेकवरचे, म्हणजे फलाटावरील हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेवरचे, शेवटचे काही मीटर वैमानिक स्वतःच्या हातांनीच पार करीत असे. सगळा प्रवास यंत्राने केला, तर नेमक्या त्या क्षणासाठी हात तयार कसे राहणार? सम्बर्गच्या चौकशीतही मुख्य ठपका उपकरणांवर नीट लक्ष न ठेवण्यावर आहे.

मूळ लेखक: आपला मुद्दा हेलिडेकपुरता मला मान्य आहे. परंतु लक्ष ठेवण्यातली ती चूक घडली कशी, हेही पाहावे. अर्धे काम यंत्राकडे असले की उरलेले अर्धेही तेच पाहत असावे, असे थकलेल्या मनाला वाटू लागते. त्या कंपनीची कार्यपद्धती ऑटोपायलटच्या वापराबाबत पुरेशी नेमकी नव्हती, असेही चौकशीत दिसून आले.

प्रतिसाद २: पूर्ण ऑटोपायलटवरही दर किंवा वेग चुकीचा निवडला जाऊ शकतो, आणि यंत्र ती चूक इमानेइतबारे पाळते. त्यामुळे सक्ती करायचीच असेल, तर ठरलेल्या किमान उंचीवर धावपट्टी दिसली नाही की तत्काळ वर जाण्याची करावी. सम्बर्गला ती उंची ३०० फूट होती, आणि तिथे हेलिकॉप्टर सावरले गेले नाही.